छपरावर चढणारा गडी आपलाच असतो, म्हणूनच नियम लिहून ठेवा



शिमगा झाला की गावोगाव छपरं उघडी पडतात. कुणाला कौलं परतून घ्यायची असतात, कुणाला सिमेंटचे जुने पत्रे काढून रंगीत पत्रे टाकायचे असतात, कुणाच्या घरकुलाचं काम छपरापाशी अडलेलं असतं. मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सगळ्यांनाच मिस्त्री हवा असतो. पत्र्यांची आणि कौलांची कामं घेणाऱ्या घरांची वर्षाची निम्मी कमाई या तीन महिन्यांत होते, आणि माणसं छपरावरून पडतात तीही याच तीन महिन्यांत.

गटाच्या कर्जातून ग्राइंडर, ड्रिल, शिड्या घेऊन असा धंदा उभा करणाऱ्या ताया आपल्यात आहेत. मिस्त्री नवरा किंवा मुलगा असतो, फोन घेणं, उचल देणं, हिशेब ठेवणं ताईकडे असतं. तिला विचारलं की ती म्हणते, "आम्ही कुठले ठेकेदार? घरचीच चार माणसं घेऊन करतो." इथेच घोळ आहे. ज्या दिवशी तुम्ही एखाद्याचं छप्पर उक्तं अंगावर घेतलं आणि रोजावर चार गडी लावले, त्या दिवशी तुम्ही मालक झालात. गडी तुमचा भाचा असो, दीर असो की शेजारच्या वाडीतला पोरगा असो, कायदा नातं बघत नाही. रोज कोण देतं, एवढंच बघतो.

पडला तर कोणी भरायचं?

कामावर असताना, कामामुळे अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हा कायदा आपल्या देशात १९२३ पासून आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच तत्त्व पुढे आलं आहे. गडी चार दिवसांसाठीच आला होता म्हणून सुटका होत नाही.

आकडा बघा, म्हणजे लक्षात येईल. समजा गड्याचं वय ३० आहे आणि महिन्याची मजुरी १३,००० रुपये धरली. मृत्यू झाला तर मजुरीच्या निम्मी रक्कम, म्हणजे ६,५००, घ्यायची आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायची. तिशीसाठी तो आकडा २०७.९८ आहे. गुणाकार येतो १३,५१,८७० रुपये. कायमचा पूर्ण अपंग झाला तर निम्म्याऐवजी साठ टक्के धरतात, म्हणजे रक्कम आणखी वाढते. पाय मोडून काही महिने घरी बसला तर दर पंधरा दिवसांनी महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा, आपल्या उदाहरणात ३,२५० रुपये, शिवाय दवाखान्याचा खर्च.

"तो प्यायलेला होता", "पट्टा दिला होता, त्यानेच लावला नाही" हे बचाव आपल्याला पाठ असतात. पण माणूस दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर ते चालत नाहीत, भरपाई द्यावीच लागते. आणि घरमालकाकडे बोट दाखवून उपयोग नाही. त्याने काम तुम्हाला दिलं होतं, गडी तुम्ही आणले होते.

साडेतेरा लाख. आपल्या अख्ख्या गटाची बचत एवढी नसते. त्यातून तो गडी भाचा असेल तर पैशाच्या आधी माहेर तुटतं. गटाचं कर्ज थकतं, आणि ते दहा जणींच्या जिवावर घेतलेलं असतं. म्हणून "आपलीच माणसं आहेत, कागद कशाला" हे म्हणणं मला उलटं वाटतं. परक्या गड्याशी एक वेळ भांडून मोकळं होता येईल, भाच्याशी नाही.

पहिला नियम छपराचा

गड्यांना कसं वागवायचं याचे नियम म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे हजेरी आणि सुट्टी येते. छपराच्या कामात आधी येतो तो वर कोण, कसा, कधी चढणार याचा नियम.

सगळ्यात फसवा असतो सिमेंटचा पत्रा. तो वाकत नाही, करकरत नाही, सांगून तुटत नाही. पाय पडतो आणि माणूस थेट खाली फरशीवर. पत्रा जितका जुना तितका ठिसूळ, आणि वर शेवाळ असेल तर भेगही दिसत नाही. उजेडासाठी मध्येच बसवलेला प्लास्टिकचा पत्रा धूळ बसल्यावर बाकीच्यांसारखाच दिसतो, त्यावर तर पायच द्यायचा नाही. बोल्टांच्या रेषेवरून चाला, खाली आधार असतो, असं जुने मिस्त्री सांगतात. ते खरं आहे, पण पुरेसं नाही, कारण तोल गेला की पाऊल रेषेवर राहत नाही. म्हणून नियम असा हवा: पत्र्यावर थेट पाय नाही. दोन रुंद फळ्या किंवा आडवी शिडी, निदान दोन आधारांवर टेकलेली. एका फळीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवायची. त्याहून बरं म्हणजे परांची बांधून जमेल तेवढे पत्रे खालूनच सोडवायचे. वेळ जास्त लागतो. त्याचे पैसे दर ठरवतानाच लावा.

जुने सिमेंटचे पत्रे काढताना आणखी एक गोष्ट. त्यांत अॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू असतात. पत्रा कोरडाच कापला, ग्राइंडर फिरवला, वरून खाली आपटला की धूळ उडते, छातीत जाते, आणि आजार कित्येक वर्षांनी उमटतो. पाणी मारून ओला करा, अख्खा काढा, दोराने उतरवा, झाडू मारण्याआधीही पाणी शिंपडा. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही, बारीक धुळीसाठीचा मास्कच लागतो. गड्यांचे त्या दिवसाचे कपडे घरी धुतं कोण? आपणच. ते झटकू नका, पोरांच्या कपड्यांत मिसळू नका, आधी पाण्यात बुडवा आणि वेगळे धुवा. फुटके तुकडे अंगणात भर म्हणून टाकायची पद्धत आहे, ती बंद करा.

पट्टा म्हणजे हार्नेस. कमरेचा नुसता पट्टा नको. खांद्यावरून आणि मांड्यांवरून जाणारा, पूर्ण अंगाचा घ्या. त्यावर आयएस ३५२१ आणि हेल्मेटवर आयएस २९२५ हा क्रमांक आणि आयएसआयची खूण बघून घ्या. आता जे दुकानदार सांगत नाही ते ऐका. आपल्या बैठ्या घरांची वळचण आठ-दहा फुटांवर असते. पट्ट्याचा दोर सहा फूट मोकळा ठेवला तर माणूस दोर ताणायच्या आत जवळजवळ जमिनीला लागतो. म्हणजे पट्टा असून नसल्यासारखा. दोर इतकाच मोकळा ठेवायचा की माणूस कडेपर्यंत पोचेल, पण कडेच्या बाहेर जाणार नाही. आणि तो बांधायचा कुठे? रिपेला नाही, पत्र्याच्या हुकाला तर नाहीच. मजबूत आढ्याला किंवा कैचीला, नाहीतर आढ्यावरून पलीकडच्या बाजूला नेऊन खाली भक्कम झाडाला किंवा खांबाला.

शिडी भिंतीपासून किती लांब लावायची याचा साधा हिशेब: चार फूट उंचीला एक फूट. म्हणजे बारा फुटांवर टेकवायची तर बूड भिंतीपासून तीन फुटांवर. वरचं टोक वळचणीच्या हातभर वर, बांधलेलं. बूड एकाने धरलेलं.

विजेच्या तारेचं सांगायला नको, तरी सांगते. बारा फुटी पत्रा उभा करून वळवताना तो वरच्या तारेला लागतो, आणि वर धरणारा व खाली धरणारा दोघंही सापडतात. काम बघायला जाल तेव्हाच मान वर करून बघा. तार जवळ असेल तर महावितरणच्या कार्यालयात सांगून वीज बंद करून घ्या, मगच पत्रा उचला. वारा सुटला तर पत्रा शिडासारखा माणसाला ओढून नेतो. वैशाखात दुपारनंतर ढग भरून वावटळ उठते, तेव्हा वर सुटा पत्रा नको आणि माणूसही नको.

उन्हाचंही असंच. दुपारी पत्रा तव्यासारखा तापतो. भोवळ खाली बसून आली तर निभावतं, वर आली तर नाही. सकाळी सातला सुरू करून अकराला खाली, पुन्हा चारनंतर वर. रोज तेवढाच द्या. मधल्या वेळात खाली बसून करायची कामं असतात, हुक-वॉशर निवडणं, मापं घेऊन खुणा करणं, ती करू द्या.

थांबवायचा अधिकार कोणाचा?

हे लिहून ठेवल्याशिवाय चालतच नाही. मिस्त्री अनुभवी असतो, घरमालक "आजच्या आज आटपा" म्हणून डोक्यावर उभा असतो, आणि नवखा गडी मनातून घाबरलेला असतो. "मला भीती वाटते" असं बाप्ये माणूस तोंडाने म्हणत नाही. म्हणून नियम करा की कोणीही, अगदी कौलं वर देणारी बाईसुद्धा, "थांबा" म्हणाली तर काम थांबेल. मिस्त्री बघेल, दुरुस्त करेल, मग पुढे. थांबवल्याबद्दल कोणाचा रोज कापला जाणार नाही.

दारूचा नियम एका ओळीचा: वास आला तर त्या दिवशी वर चढायचं नाही. खाली काम द्यायचं की घरी पाठवायचं ते ताईने ठरवावं. दिरांना हे सांगणं सोपं नसतं, मला कल्पना आहे. पण नियम कागदावर असेल आणि त्यावर त्यांचीच सही असेल तर "भावजी, माझं नाही, कागदाचं म्हणणं आहे" असं म्हणता येतं.

अठरा वर्षांखालच्या पोराला वर चढवू नका. सुट्टीत शिकायला आलाय, हलका आहे, पत्रा मोडणार नाही, हे सगळं ऐकलेलं आहे. शिकू दे, पण खाली.

हजेरी, उचल आणि रोज

भांडणं अपघातापेक्षा इथून जास्त होतात. एक शंभर पानी वही घ्या. रोजच्या रोज नाव, पूर्ण दिवस की अर्धा, उचल किती, आणि समोर गड्याची सही किंवा अंगठा. आठवड्याच्या शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवा. उचलीचा आकडा आपल्या आठवणीत एक असतो आणि गड्याच्या आठवणीत दुसरा. दोघंही खोटं बोलत नसतात, पण वही नसली की दोघंही खोटे ठरतात.

घरमालकाने पैसे दिले नाहीत म्हणून गड्यांचा रोज अडकवायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. वेतन संहिता २०१९ प्रमाणे रोजाचा गडी असेल तर दिवस संपताना मजुरी द्यायची, आठवड्याचा ठरलेला असेल तर आठवड्याच्या सुट्टीच्या आधीच्या दिवशी. काम सोडून गेला किंवा तुम्ही काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता. घरमालकाचं येणं हा आपला प्रश्न, गड्याचा नाही. म्हणून व्यवहारच असा ठरवा: इसार घेतल्याशिवाय माल उतरवायचा नाही, जुनं छप्पर उतरलं की दुसरा हप्ता, आढं बसलं की तिसरा. शेवटच्या हप्त्यात तुमचा नफा अडकला तरी चालेल, गड्यांची मजुरी अडकता कामा नये.

बायांचं वेगळं लिहिते. कौलं वर देणं, रीप धरणं, पत्रे सावरणं या कामाला बाईला कमी आणि बाप्याला जास्त रोज देतात. तेच काम असेल तर रोज सारखा, हा कायदा १९७६ पासूनचा आहे. बाकीचे ठेकेदार काय देतात ते राहू द्या. बाईच्या घामाला कमी पैसे लावून आपण गटाच्या बैठकीत कशाच्या हक्काच्या गोष्टी बोलायच्या? खाली उभ्या राहणाऱ्या बाईला हेल्मेट आधी द्या, कारण निसटलेलं कौल तिच्याच डोक्यावर येतं. कामाच्या घरी लघवीला जायची सोय आहे का, हे काम ठरवतानाच विचारा. आणि कामावर कोणी लगट केली, घाण बोललं, तर ती कोणाला सांगणार हे नावानिशी ठरवा. दहापेक्षा कमी माणसांच्या कामाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. २०१३ च्या कायद्याने ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते.

पडलाच तर

धावत जाऊन उठवून बसवू नका. पाठीचं हाड मोडलेलं असलं तर उचलण्याच्या धडपडीत माणूस कायमचा लुळा होतो. आहे तसा ठेवा, मान हलू देऊ नका, पाणी पाजू नका, १०८ ला फोन करा. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं हे तर कधीच नाही. पट्ट्याला लटकत राहिला असेल तर मात्र लगेच शिडी लावून खाली घ्या. फार वेळ लटकणंही जिवावर बेततं.

दवाखान्यात खरं सांगा. "घरात पाय घसरला" असं सांगायची पद्धत पडलीय. ठेकेदार घाबरलेला असतो, घरची माणसं त्याला वाचवायला जातात. पण कागदावर जे पहिल्या दिवशी लिहिलं जातं तेच पुढे चालतं. विमा असो की मंडळाची मदत, दवाखान्याची आणि पोलिसांची नोंद बघितली जाते. त्या एका वाक्याने गड्याच्या बायकोचे पैसे जातात.

आधी करून ठेवायची कागदं

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंद होते. आधीच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. छपराचं काम बांधकामातच येतं. तो दाखला ठेकेदार देऊ शकतो, म्हणजे तुमच्या हजेरी वहीचा हा दुसरा उपयोग. नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते, आणि ती राहून गेल्याचं बहुतेकांना अपघातानंतरच कळतं.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख मिळतात. पण हा विमा गड्याचा आहे, तुमचा नाही. हे दोन लाख मिळाले म्हणून मालकाची साडेतेरा लाखांची जबाबदारी फिटत नाही. त्यासाठी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मालकाने काढायचा वेगळा कामगार भरपाई विमा असतो. किती गडी, कोणतं काम, वर्षाची मजुरी किती, यावर हप्ता ठरतो. काम छपराचं, उंचीवरचं आहे हे अर्जात स्पष्ट लिहा. हप्ता कमी व्हावा म्हणून "साधं बांधकाम" लिहिलं की नेमका दावा अडतो.

आणि गड्यांबरोबरचा कागद. वकील लागत नाही, एक पान पुरतं. असं काहीतरी लिहा:

"रोज रुपये … , हिशेब दर शनिवारी. वेळ सकाळी ७ ते ११ आणि दुपारी ४ ते ६.३०. पट्टा, हेल्मेट, फळ्या मालक देणार, त्यांचे पैसे कापणार नाही. पट्ट्याशिवाय वर चढणार नाही. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देणार नाही. पिऊन आल्यास त्या दिवशी वर चढणार नाही. धोका दिसला तर कोणीही काम थांबवेल, रोज कापला जाणार नाही. अपघात झाल्यास दवाखाना मालक बघेल आणि कायद्याप्रमाणे भरपाई देईल. घरच्या माणसाचा फोन … "

खाली दोघांच्या सह्या, तारीख. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवा आणि वाचणाऱ्याचीही सही घ्या.

गटाच्या बैठकीत छपराच्या धंद्यासाठी कर्जाचा अर्ज आला तर आपण हप्ता आणि जामीन विचारतो. त्याबरोबर तीन गोष्टी विचारा: पट्टे किती आहेत आणि माणसं किती चढतात, हजेरी वही दाखवा, गड्यांचा विमा आहे का. पट्टे दोन आणि चढणारे चार असतील तर ग्राइंडरच्या आधी पट्ट्यांसाठी कर्ज द्या.

सुरक्षा विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. त्या सुमारास प्रत्येक गड्याच्या खात्यात निदान २० रुपये शिल्लक आहेत का, हे शनिवारच्या हिशेबालाच विचारून घ्या. उचल देताना तेवढे खात्यात भरायला सांगितलं तरी काम होतं.